कुरळे म्हणजे

आश्विनाचे ऊन तापीच्या पात्रात उतरले होते. धुतलेल्या पितळेच्या रंगाचे ऊन. निर्मळ, निवांत, निःशब्द. पावसाळ्यातला गढूळ गर्व ओसरलेली नदी काठापासून दूर सरली होती आणि तिने मागे सोडलेल्या ओल्या वाळूवर टिटवीच्या पावलांची नाजूक नक्षी उमटली होती. पलीकडच्या काळ्या रानात कपाशी फुटली होती. काळ्या मातीवर पांढरी बोंडे, पांढऱ्या बोंडांवर पिवळे ऊन, आणि त्या उन्हावर आकाशाची अथांग, अलिप्त निळाई.

नदीवरच्या टेकाडावर एक लांबट, कौलारू इमारत होती. अंध मुलींची निवासी शाळा. एरवी तिथे दिवसभर पाखरांचा थवा उतरल्यासारखा गलबला असे. काठ्यांची टकटक, बांगड्यांची किणकिण, पाढ्यांचा सूर, भांडणांचा पूर. पण दिवाळीची सुटी लागली आणि एकेक करून मुली गेल्या. कुणी एस.टी.ने गेली, कुणी बैलगाडीने, कुणी बापाच्या खांद्यावर बसून. शेवटची मुलगी फाटकाबाहेर पडली, आणि मग त्या लांबट व्हरांड्यात नुसती शांतता फिरू लागली. रित्या खाटांवरून, दोरीवर विसरलेल्या एका फ्रॉकवरून, मिटलेल्या खिडक्यांवरून ती आपला हात फिरवीत गेली.

मागे राहिल्या दोघी. एक मुलगी, एक बाई.

मुलगी म्हणजे गोजरी. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवरची, जन्मांध. तिचा बाप सुकलाल ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. 'सुटी संपण्याआधी येऊन भेटेन' एवढा निरोप त्याने गावच्या एका माणसाकडून पाठवला होता. आई तिच्या आठवणीत कधीच नव्हती.

बाई म्हणजे प्रभावती तोरणे. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची, उंच, सडसडीत, शांत. मराठी शिकवणारी. दर दिवाळीला वसतिगृहात कुणीतरी थांबावे लागे, आणि दर दिवाळीला तोरणेबाईच थांबत. त्यांना कुणी विचारीत नसे. त्याही कुणाला सांगत नसत की, जायला घरच उरलेले नाही. आईवडील गेले, गावातली खोली सुटली, आणि मग या टेकाडावरचीच एक खोली त्यांचे जग झाली. एक खाट, एक कपाट, एक खिडकी, आणि खिडकीत नदी.

तिसरी होती स्वयंपाकाची पार्वतामावशी. पण ती दोन वेळच्या भाकऱ्या थापून, चुलीवर पाणी मारून, दिवस मावळायच्या आत गावात निघून जाई.

मग उरे ती फक्त गोजरीच्या पावलांची चाहूल. एक तळवा भिंतीला लावून ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राही. भिंत संपली की वळे. पुन्हा चाले. आणि खोलीत बसलेल्या बाई ती चाहूल ऐकत राहत. जशी दूर रानात एकट्याच राहिलेल्या वासराच्या गळ्यातली घंटा ऐकावी तशी.

*

एका सकाळी गोजरी ब्रेलचे जाड पुस्तक छातीशी धरून बाईंच्या दारात आली. बाईंनी तिला जवळ बसवले. तिची बोटे कागदावरच्या उठावाच्या ठिपक्यांवरून सरकू लागली. हलकी, हळुवार, फुलपाखराच्या पायांसारखी. मध्येच ती थांबली. एकाच शब्दावर बोट पुन्हा पुन्हा फिरले.

"बाई, कुरळे म्हणजे काय?"

"कुरळे हे विशेषण आहे," बाई सवयीने म्हणाल्या. "विशेषण म्हणजे?"

"नामाबद्दल जास्त माहिती सांगतं ते."

"बरोबर. राठ, मऊ, खरखरीत, तसंच कुरळे."

"ते मला येतात," गोजरी म्हणाली. "मऊ म्हणजे कापूस. राठ म्हणजे बाबाची घोंगडी. खरखरीत म्हणजे पार्वतामावशीच्या टाचा. पण कुरळे मी कधी हातात घेतलं नाही."

बाईंना हसू आले. हसू ओठांवर असतानाच गोजरीने खालच्या आवाजात पुढचे सांगितले, आणि ते हसू तिथेच विरून गेले.

"बाबाला मी विचारलं होतं, माझी माय कशी होती? तो म्हणे, सावळी होती. मी म्हटलं, सावळी म्हणजे? त्याला सांगता आलं नाही. मग म्हणे, डोळे पाणीदार होते. तेही मला कळलं नाही. मग शेवटी म्हणाला, केस कुरळे होते तिचे." तिने पुस्तकावर तळवा ठेवला. "बाई, हे मला कळेल. हे हाताचं आहे ना?"

खिडकीबाहेर ऊन स्तब्ध झाले. सावळी, गव्हाळ, पाणीदार. रंगांची आणि तेजाची ती सारी विशेषणे या पोरीच्या दाराशी येऊन परत गेली होती. एकच आत येऊ पाहत होते. तीन अक्षरांचे, अंगाला वळण असलेले, बोटांना भेटू शकणारे एक विशेषण. आणि त्याच्या आडून एक न पाहिलेली, न आठवणारी आई.

"हो," बाई म्हणाल्या. "हाताचं आहे."

*

मग शोध सुरू झाला. कुंपणावर कारल्याचा वेल होता. बाईंनी त्याचा एक कोवळा तणावा खुडला. आधार शोधता शोधता स्वतःभोवतीच गुंडाळलेला, हिरव्या तारेसारखा. गोजरीने तो बोटांत धरला, सोडला, पुन्हा धरला.

"हे वेलाचं आहे. केसांचं नाही."

गावात जाऊन बाईंनी सुताराच्या दुकानातून रंध्याखाली सुटलेली लाकडाची पातळ सोलपटे आणली. सागाचा वास असलेली, भोवऱ्यासारखी गिरकी घेतलेली सोलपटे. गोजरीने ती ओंजळीत घेतली, गालाला लावली. एक सोलपट चुरले.

"माय अशी मोडायची का?"

पार्वतामावशीने चकल्या तळल्या, तर चकली हातात गोल फिरवीत ती म्हणाली, "चकली कुरळी असते?"

"चकलीला कुरळी म्हणत नाहीत."

"का? वळलेली तर आहे."

"म्हणत नाहीत एवढं खरं. कुरळे हे केसांचंच विशेषण. दुसऱ्या कशापाशी ते फारसं जात नाही."

गोजरीने चकली खाल्ली नाही. हातातच धरून ती विचार करीत बसली. मग तिने विचारले, "बाई, आणि नामच नसलं तर? मग विशेषण एकटंच राहतं?"

बाईंनी आयुष्यभर व्याकरण शिकवले होते. त्या चुलीशी वाकल्या आणि लाकडे आत सारू लागल्या. चुलीतली लाकडे तडतडली. अंगणात कडुनिंबाचे एक पान गिरक्या घेत उतरले.

जाता जाता गोजरी उंबऱ्यावर थांबली. "तुमचे केस कसे आहेत, बाई?"

"साधे," बाई म्हणाल्या.

आणि आपला अंबाडा त्यांनी नकळत हाताने चाचपला. घट्ट, तेलकट, काट्याआकड्यांनी जखडलेला अंबाडा.

*

साधे नव्हते.

एके काळी ते मेघमालेसारखे होते. कपाळावर, कानांवर, मानेवर उसळून येणारे, फणीला न जुमानणारे, वळणावळणांचे, घनकृष्ण. न्हाऊन आल्यावर आई त्यांना पुढ्यात घेऊन बसे आणि बोटांनी एकेक गुंता सोडवी. "किती गं हट्टी हे," म्हणे. आणि त्या म्हणण्यात एवढा लाड असे की, प्रभा मुद्दाम मान हलवून सोडवलेला गुंता पुन्हा करी.

मग एक दिवस पाहुणे आले. मुलगी पाहून, पोहे खाऊन, पायरी उतरताना त्यांतली एक बाई दुसरीला म्हणाली, "मुलगी बरी आहे, पण केस पाहिलेत? केरसुणीसारखे, राठ. असल्या केसांच्या मुली हेकट निघतात." दारामागे उभ्या असलेल्या प्रभाने ते ऐकले. त्या पाहुण्यांचा होकार आला नाही. पुढे आलेल्यांचाही आला नाही. कारणे निराळी होती, पण तिच्या कानांत तेच एक विशेषण घुमत राहिले. राठ. राठ. राठ.

तेव्हापासून ते केस तेलात बुडाले, अंबाड्यात मिटले, काळ्या आकड्यांखाली दबले. आई गेली. ज्यांनी मुठीमुठीने ऊन पकडून ठेवावे, ते केस अंधारात म्हातारे होत गेले. आणि इतक्या वर्षांत त्या मस्तकावर कुणाचा हात पडला नाही. कुणाचाच नाही.

*

पाडव्याची सकाळ. गावातून दूरचे फटाके ऐकू येत होते. बाईंनी शिकेकाई उकळली, न्हाल्या, आणि अंबाडा न घालताच अंगणात येऊन पायरीवर बसल्या. इतक्या वर्षांनी उघड्यावर आलेल्या केसांना ऊन लागले. पाणी निथळले, आणि मग हळूहळू, संकोचत, एकेक बट आपल्या जन्माच्या वळणावर परत जाऊ लागली. आता त्या मेघमालेत रुपेरी रेषा होत्या. पण वळण तेच होते. तोच हट्ट, तोच हिंदोळा.

"गोजरी," बाईंनी हाक मारली. "इकडे ये. मी तुला खोटं सांगितलं होतं."

गोजरी भिंत सोडून आवाजाच्या दिशेने आली. बाईंनी तिचा हात धरला आणि आपल्या मस्तकावर ठेवला.

"हे कुरळे."

बोटे क्षणभर तशीच राहिली. मग सरकली. बटेच्या उगमापासून निघाली, वळली, पुन्हा वळली, एका भोवऱ्यात शिरली आणि अचानक मोकळी झाली. तिने एक बट ओढून सरळ केली आणि सोडली. बट उसळून परत आपल्या जागी गेली. पोरीच्या घशातून एक चकित, चिमुकला हुंकार निघाला.

"परत जातात!" ती म्हणाली. "बाई, हे परत जातात!"

दोन्ही हात आत गेले. दहाही बोटे त्या दाट, दमट, सुगंधी अरण्यात हरवली, सापडली, पुन्हा हरवली. आणि बाई डोळे मिटून बसल्या. मस्तकापासून मानेपर्यंत, मानेपासून पाठीपर्यंत काहीतरी ऊबदार उतरत होते, आणि मिटलेल्या पापण्यांखालून त्याच उबेचे पाणी वाहत होते. बरे होते की, समोरच्या पोरीला ते दिसत नव्हते.

त्यानंतर दर दुपारी गोजरी येऊ लागली. बाई केस मोकळे सोडून बसत. ती मागे गुडघ्यांवर बसे, आणि पुष्कळदा नुसती बोटे गुंतवून राही. एका दुपारी तिने आपला चेहराच त्या केसांत खुपसला. श्वास घेतला. आणि इतक्या हळू म्हणाली की, ते बोलणे होते की नुसता उच्छ्वास, कुणी सांगावे.

"माय."

बाईंनी ते ऐकले. त्या हलल्या नाहीत. हललो तर हे पाखरू उडेल, असे त्यांना वाटले.

*

सुटी सरत आली, तेव्हा एकदा गोजरीच्या डोक्याला तेल लावताना बाईंचा हात थबकला.

शाळेत सगळ्याच मुलींचे केस बारीक कापलेले असत. उवा होतात म्हणून महिन्याकाठी पार्वतामावशीची कात्री सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरे. गोजरीचे तर वस्तीवरही कुणी वाढू दिले नव्हते. आई नसलेल्या पोरीचे केस विंचरणार कोण? पण या सुटीत कात्रीला सवड झाली नव्हती. केस थोडे वाढले होते. आणि मानेपाशी, कानांमागे, त्यांची टोके वळू लागली होती. इवली, काळी, कोवळी वळणे. नुकत्याच उगवत्या वेलीच्या तणाव्यांसारखी.

आई तिथेच होती. पोरीच्या स्वतःच्या मस्तकात, कातडीखाली, दर महिन्याला उगवत होती. आणि दर महिन्याला कापली जात होती.

सांगावे, असे बाईंच्या ओठांवर आले. पण ओठ मिटले. सांगितले, तर ही बोटे आपल्या डोक्यावरून स्वतःच्या मानेवर जातील. मग दुपारी कोण येईल? त्या मायेच्या उबेसाठी तहानलेले त्यांचे मन धूर्त झाले, भित्रे झाले, लहान झाले. अजून केस पुरते वाढले कुठे आहेत, असे त्यांनी स्वतःला समजावले. त्या दिवशी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेलाची वाटी नुसतीच रिकामी झाली.

त्या रात्रींत झोप मात्र आली नाही.

*

सुकलाल आला तो उन्हे कलती झाल्यावर. उसाच्या पात्यांनी चिरलेले हात, धुळीने माखलेली टोपी, आणि रुमालात बांधलेला गुळाचा खडा. बाई पायरीवर केस सोडून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागे गोजरी. फाटकातून आत आलेला तो माणूस ते दृश्य पाहून जागीच थांबला. मग त्याने मान खाली घातली.

"बाबा!" पावलांवरूनच ओळखून गोजरी धावली.

बरेच विचारणे झाले, गूळ खाणे झाले. मग गोजरी पार्वतामावशीला गूळ द्यायला आत गेली, तेव्हा सुकलाल जमिनीकडे पाहत म्हणाला, "उशीर झाला, बाई. मुकादम सोडत नव्हता."

"आलात ना, पुष्कळ झालं."

"तुमचे केस पाहिले अन् गलबललं. हिच्या मायचे बी असेच होते." त्याने चिरलेला तळहात गुडघ्यावर घासला. "ती गेली तव्हा ही पोर तान्ही होती. तिच्या केसांत मुठी घालूनच झोपायची. दिसत नव्हतं ना हिला. मूठ सुटली की रडायची. माय गेली त्या राती... बायांनी मुठी सोडवल्या तिच्या. एकेक बोट सोडवलं."

कलत्या उन्हात नदी तांब्याची झाली होती. बाई उठल्या. त्यांच्या मनातली ती धूर्त, भित्री, लहान बाई कुठे गेली ते त्यांनाही कळले नाही. त्यांनी आतल्या बाजूला हाक दिली.

"गोजरी, बाहेर ये. हात दे तुझा."

तिला वाटले, पुन्हा बाईंचे केस. ती हसत हात पुढे करून आली. पण बाईंनी तो हात वळवला आणि तिच्याच मानेवर, कानामागे, नव्या कोवळ्या वळणांवर ठेवला.

"हे बघ."

बोटे चाचपडली. थांबली. एक इवली बट सरळ झाली, सुटली, आणि उसळून परत गेली.

"परत गेली," गोजरी पुटपुटली.

"तुझ्या आईचे आहेत हे. तुला दिलेत तिने."

गोजरीचा दुसराही हात वर गेला. आपल्याच मस्तकाच्या दोन्ही बाजूंना दोन मुठी मिटून ती उभी राहिली; आणि सुकलालने टोपी काढून डोळ्यांवर धरली.

*

शाळा भरली. महिना झाला, पार्वतामावशी कात्री घेऊन व्हरांड्यात बसली. गोजरीची वेळ आली तेव्हा बाई मध्ये उभ्या राहिल्या.

"हिचे कापायचे नाहीत."

"अवो बाई, अन् उवा झाल्या तर?"

"मी विंचरीन."

आणि त्या विंचरीत राहिल्या. थंडी गेली, पळस पेटले, आंबे मोहरले. केस कानांवरून मानेवर आले. दाट, घनकृष्ण, हट्टी. पण गोजरी आता दुपारी येईनाशी झाली. वर्गात, प्रार्थनेत, जेवताना तिचा एक हात आपल्याच केसांत असे. बोट गुंतवायचे, सोडवायचे, गुंतवायचे. इतर मुली म्हणत, "आम्हाला दाखव ना कुरळे," आणि ती आपले डोके पुढे करी. राणीने राज्य दाखवावे तसे. बाई दुरून पाहत. छातीत सुख भरून येई, आणि त्या सुखाच्या तळाशी एक बारीक काच टोचत राही.

उन्हाळ्याची सुटी लागली. या खेपेला सुकलाल पहिल्याच दिवशी आला. सोबत त्याची बहीण होती, गोजरीची आत्या. पोरीचे केस पाहून तिने कडाकडा बोटे मोडली. "मी रोज विंचरीन हो, बाई," ती म्हणाली. बाईंनी शेवटची फणी फिरवली, दोन इवल्या वेण्या घातल्या, लाल फिती बांधल्या. वेणीत न मावलेल्या बटा कानांवर नाचत राहिल्या.

फाटकापाशी गोजरी वळली. "बाई, तुम्ही नका बांधू हो केस," ती म्हणाली. मग आत्याचा हात धरून टेकाड उतरली.

धुळीचा एक पिवळा लोट उठला, एस.टी. गेली, धूळ खाली बसली. शाळा रिकामी झाली. बाई खोलीकडे परतल्या; आरशापुढे सवयीने हातात आकडे घेतले, आणि ठेवून दिले.

त्या पायरीवर येऊन बसल्या. एकट्याच. पुढ्यात रिते अंगण, पाठीमागे रित्या खाटा, खाली क्षीण, चकाकती नदी. चैत्राच्या संध्याकाळी नदीवरून वारा उठला. वाळू ओलांडून, टेकाड चढून, कुंपणावरून आत आला. त्याने बाईंच्या मोकळ्या केसांत बोटे घातली. एका वळणावर वळला, दुसऱ्यावर अडला, तिसऱ्यात हरवला. आणि बाहेर पडायची वाट न सापडून, अंधार पडेपर्यंत, तिथेच थांबला.